आठ भाज्या, दहा माणसं

भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत गेलात तर बऱ्याच ठिकाणी नेहमीचा तराजू बाजूला ठेवलेला दिसतो. जमिनीवर गोणपाट आणि त्यावर भाजीचे वाटे. एका वाट्यात दोन गाजरं, तीन-चार काटेरी वांगी, मूठभर वालपापडी, मूठभर पावटा, हरभऱ्याचे थोडे घाटे, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, कांद्याच्या पातीच्या दोन काड्या, चार बोरं आणि कधी कधी उसाचं बोटभर कांडं. भाव अख्ख्या वाट्याचा. घासाघीस होते ती "अजून एक गाजर टाका ना मावशी" इतपतच. दुसऱ्या दिवशी यातलं बहुतेक सगळं एकाच कढईत पडतं, तिळाचं आणि दाण्याचं कूट घालून रटरटतं आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर, लोण्याच्या गोळ्यासह पानात येतं. न खाई भोगी, तो सदा रोगी, असं आपल्याकडे म्हणतात.

म्हणीत अतिशयोक्ती आहेच. वर्षातून एक दिवस चांगली भाजी खाऊन कोणी निरोगी झालेला नाही. पण तो वाटा मात्र नीट बघण्यासारखा आहे. दोन माणसांच्या घरानं आठ भाज्या आणायच्या तर आणायच्या कशा? प्रत्येकी पाव किलो घेतल्या तरी दोन किलो होतात. दोघांना त्या संपवायला अडीच-तीन दिवस लागणार, तोवर पालेभाजी पिवळी पडणार आणि वांग्यांना कीड लागणार. म्हणून लहान घरात सोमवारी कोबी, मंगळवारी बटाटा, बुधवारी उरलेला कोबी असा आठवडा जातो. रोज वेगवेगळ्या भाज्या खा, हा सल्ला प्रत्येक आहारतज्ज्ञ देतो. तो पाळायला पातेल्याभोवती माणसं लागतात, हे फारसं कोणी सांगत नाही. दोन किलोची तीच मिसळ दहा माणसांच्या एका जेवणात संपते. शाकाहारी जेवण वाटून खाण्यात पुण्य किती ते पुण्य मोजणाऱ्यांनी ठरवावं, पण हिशेबाच्या दृष्टीनं त्याला तोड नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण भाद्रपदात सापडतं. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा दंडक. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. उरलं ते परसातलं, बांधावरचं, मांडवावर चढलेलं आणि मातीखालचं. कोकणात या एका नियमातून जी ऋषीची भाजी तयार झाली, तिच्या तोडीची पौष्टिक भाजी मराठी स्वयंपाकात दुसरी नसावी.

ती करायची पद्धतही बघण्यासारखी आहे. आदल्या रात्रीपासून निवडणं सुरू होतं. अळूची पानं आणि देठ वेगळे करायचे, देठांची साल बोटानं ओढून काढायची. ज्याचे हात खाजतात तो आधी चिंचेच्या पाण्यात हात बुडवतो. लाल माठाचे जाड देठ चिरून बाजूला. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात. मोठ्या पातेल्यात सर्वांत खाली मक्याच्या कणसांचे तुकडे, सुरण, रताळं, ओले शेंगदाणे, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. त्यावर माठाचे आणि अळूचे देठ, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा. मग पडवळ, शिराळं, भेंडी, आणि सगळ्यांत वर पालेभाजी, जी वाफेनं बसते आणि पातेल्यात एकदम जागा होते. हिरव्या मिरच्या, मीठ, चिंचेचा कोळ, ओलं खोबरं. फोडणी नाही. तेल नाही. ज्यांच्यात चालतं ते वरून लोणी किंवा तूप सोडतात. बरोबर वरीचे तांदूळ.

आता हे पातेलं एका कुटुंबासाठी लावता येतं का? नाहीच येत. प्रत्येक जिन्नस नावापुरता घातला तरी पातेलं भरतंच. म्हणून वाडीत ऋषीची भाजी एकमेकांकडे डब्यातून फिरते. तुमच्याकडे अंबाडी पडली, आमच्याकडे चुका. तुमची आंबट झाली, आमची मिरचीनं तिखट. शहरातल्या सोसायट्यांत आज फुलांचे हार एकत्र मागवले जातात, तशा या भाज्याही एकत्र मागवून निवडायला बसणारी मंडळी आहेत, आणि निवडायला बसलं की गप्पा आपोआप होतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. ऋषिपंचमीच्या व्रताची मुळं बाईच्या विटाळाच्या कल्पनेत आहेत. पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून हे व्रत सांगितलेलं आहे. ती कल्पना टाकून द्यावी आणि भाजी ठेवावी, असं माझं मत. घरातल्या पुरुषांनी निवडायला बसावं म्हणजे हिशेबही थोडा बरोबर होईल.

गोव्यात हेच काम खतखतें करतं. चतुर्थीच्या दिवसांत तुरीच्या डाळीत पाच-सात भाज्या, खोबऱ्याचं वाटण, कोकमाची सोलं आणि ठेचलेली तिरफळं. तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा स्वाद एकदा बसला की दुसऱ्या कुठल्याही मसाल्यानं त्याची भरपाई होत नाही.

या पातेल्यांत नेमकं काय असतं, ते आता बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. ही संस्था मुळात १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेल्या एका छोट्या चौकशी केंद्रातून वाढलेली. तिच्या सूत्रांप्रमाणे दिवसाकाठी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं असं साधारण दोन हजार कॅलरींचं ताट बसतं, आणि ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या-फळांचा असावा, असं ती सांगते. आपल्या रोजच्या ताटाशी ताडून बघा. दोन-तीन पोळ्या, भाताचा ढीग, वाटीभर आमटी आणि कडेला बटाट्याच्या चार फोडी. राज्य सरकारनं २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत सुरू केलेल्या शिवभोजन थाळीतही भाजी १०० ग्रॅम आणि भात १५० ग्रॅम होता. पोट भरायचं तर भाताला पर्याय नाही, हे खरंच. पण भोगीच्या किंवा ऋषीच्या भाजीच्या दिवशी हे प्रमाण उलटतं. भाजीच जेवण होते आणि भाकरी किंवा वरी तोंडी लावायला.

भोगीच्या पानात आणखी एक गंमत आहे. बाजरी, ज्वारी, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर, पण तिथं मेथिओनिन कमी. तिळात मेथिओनिन चांगलं. म्हणजे बाजरीची भाकरी, पावटा-हरभरा आणि तीळ ही तिन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. हे एकाच घासात यायला हवं असं काही नाही, दिवसभरात मिळून आलं तरी शरीर जमवून घेतं. पण आपल्या पूर्वजांनी ते एकाच पानात आणून ठेवलं आहे, तर नाकारायचं कशाला? तिळातलं कॅल्शियमही लक्षणीय. सालासकट १०० ग्रॅम तिळात ते हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतं, अर्थात ऑक्सलेटमुळे सगळंच्या सगळं अंगी लागत नाही.

लोहाचंही तसंच. बाजरीत लोह आहे, पण धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. आंबट पदार्थ आणि क जीवनसत्त्व ही पकड सैल करतात. चिंच, कोकम, लिंबू, ताजी बोरं, पेरू यांचा जेवणाशी संबंध असा आहे. बोरं मात्र कच्ची खावीत, शिजवली की क जीवनसत्त्व बरंचसं जातं. आणि जेवण झाल्याबरोबर चहा ठेवू नये. चहातलं टॅनिन त्या लोहाची वाट अडवतं. तासभर थांबलात तर बिघडत नाही.

एका बाबतीत मात्र ही पातेली रिकामी आहेत. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, ताक घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना ते थोडंफार मिळतं, पण आपल्याकडे याची कमतरता सर्रास आढळते. हातापायाला मुंग्या, सतत थकवा अशी तक्रार असेल तर रक्त तपासून घ्यावं. अळू कितीही खाल्लं तरी ते भरून येणार नाही.

शाकाहारी म्हणजे आरोग्यदायी, हे समीकरणही इथंच मोडायला हवं. बटाटेवडा शाकाहारी आहे. जिलबी शाकाहारी आहे. उपासाच्या दिवशी ताटलीत येणारा साबुदाणा वडा तर शाकाहारी असून वर सात्त्विकही समजला जातो, आणि त्यात स्टार्च आणि तेल सोडलं तर दाण्याच्या कुटाइतकंच काय ते सत्त्व असतं. ताटात मांस नाही एवढ्यावरून ताटात काय आहे हे कळत नाही.

वाटून खाण्याबद्दल मानसशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष तर आपल्या उत्साहावर थोडं पाणी टाकणारा आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना एकाच प्रकारची सँडविचेस दिली आणि मग चार वेगवेगळ्या सारणांची दिली. चार प्रकार असले की माणसं साधारण एक तृतीयांश जास्त खात. एका चवीला जीभ कंटाळते, नवी चव आली की भूक पुन्हा जागी होते. अमेरिकेतल्या जॉन द कॅस्ट्रो यांनी लोकांना खाण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. त्यात दिसलं, की चारचौघांबरोबरचं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा चाळीस टक्क्यांहूनही अधिक मोठं असतं. सोबत असली की माणूस जास्त वेळ बसतो आणि बसला की खातो.

आपल्या पंगतींना हे कोणी सांगायला नको होतं. लग्नाच्या पंगतीत मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधोमध वरणभाताची मूद, अशी ताटाची मांडणी अतिशय विचारपूर्वक केलेली. अळूच्या पातळ भाजीत हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप असतात, म्हणजे पालेभाजी आणि प्रथिनं एकाच वाटीत. पण वाढप्यांची फेरी बघा. कोशिंबीर एकदा, चमचाभर. अळू दोनदा. आणि जिलबीचं ताट मात्र हटता हटत नाही. "एक घ्याच, माझ्यासाठी" म्हणत यजमान स्वतः उभे. मग पैजा लागतात, आकडे होतात, आणि पुढची वीस वर्षं त्या आकड्यांच्या आठवणी सांगितल्या जातात. कोणी काकडीच्या कोशिंबिरीची पैज मारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

पंगतीत माणूस जास्त खातो, हा स्वभाव बदलणार नाही. मग जास्त काय खाल्लं जाईल, एवढंच आपल्या हातात राहतं. ऋषीची भाजी दोन वाट्या जास्त गेली तर कोणाचं काय वाईट होतं? आग्रहाची दिशा बदलली की संशोधकांनी सांगितलेला तोच दोष गुण होतो.

पंगतीत कोण बसतं, हा त्याहून मोठा प्रश्न. शेजारच्या घरी डबा जातो, पण कोणत्या शेजारच्या? महाराष्ट्रात जातीनं अन्नही घट्ट बांधून ठेवलेलं होतं. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खाणं आणि मुसलमानाच्या हातचं पाणी पिणं ही तिथल्या प्रवेशाची खूण. पण हे सगळं चालायचं गुपचूप. सभासदांची नावं फुटल्यावर १८६०च्या सुमारास सभाच मोडली. एका पावाच्या तुकड्याची एवढी धास्ती होती.

त्यानंतर जवळपास ऐंशी-नव्वद वर्षांनी अनंत हरी गद्रे यांनी हीच गोष्ट चव्हाट्यावर केली. गद्रे 'निर्भीड' साप्ताहिकाचे संपादक, नाटककार आणि जाहिरातीच्या धंद्यातले पक्के जाणकार. १९४०च्या दशकात त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला बसायचं अस्पृश्य मानल्या गेलेल्या जोडप्यानं, तीर्थप्रसाद सगळ्यांनी घ्यायचा आणि एकत्र बसून झुणका-भाकर खायची. आचार्य अत्र्यांनी त्यांना समतानंद म्हटलं, ते नाव चिकटलं.

गद्र्यांनी निवडलेलं जेवण मला फार हुशारीचं वाटतं. पुरणपोळी ठेवली असती तर खर्च वाढला असता आणि खाणाऱ्यांमध्ये "आमच्यात अशी करत नाहीत" अशी कुजबुज सुरू झाली असती. झुणका-भाकरीवर कोणत्याही जातीचा एकट्याचा हक्क नाही. ती शेतकऱ्याच्या फडक्यातली, गिरणी कामगाराच्या डब्यातली. बेसन आणि ज्वारी ही जोडी प्रथिनांच्या हिशेबातही चोख, बरोबर कांदा आणि मिरचीचा ठेचा. पुढे १९९५ साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली, तेव्हा हे जेवण राजकारणातही आलं. पण समतेचं जेवण म्हणून त्याला मान मिळवून दिला तो गद्र्यांनी.

वारकऱ्यांचा काला याच ओळीतला आणि त्याहून जुना. आषाढी एकादशीनंतर पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो आणि मग पालख्या परतीला लागतात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांची सांगताही काल्याच्या कीर्तनानं. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, भिजवलेली डाळ, काकडी, लोणचं, मिरची, आलं, मूठभर डाळिंबाचे दाणे. सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या, अशी त्यामागची कल्पना. शिजवण्याचं काम जवळपास नाहीच, दह्यातून थोडं ब-१२ मिळतं आणि कोणाच्या शिदोरीतलं काय होतं ते कालवल्यावर ओळखूही येत नाही.

आजची शिदोरी म्हणजे ऑफिसचा डबा. दुपारी एक वाजता पाच डबे एका टेबलावर उघडले की कोणाची मेथी, कोणाची मटकीची उसळ, कोणाचं भरलं वांगं, एखाद्याची नुसती मॅगी. घरी एका भाजीवर भागवणारा माणूस इथं चार चवी खातो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा, ही पॉटलकची पद्धत आता मुरली आहे. तिची अडचण एकच. कोणी ठरवून दिलं नाही तर तीन जण छोले आणतात, चार जण गोड आणतात आणि कोशिंबीर कोणीच आणत नाही, कारण कोशिंबीर आणली तर कंजूष म्हणतील.

म्हणून जमवायचं ठरवलंत तर पदार्थ वाटू नका, जिन्नसांचे गट वाटा. दहा माणसं असतील तर एकाकडे पालेभाजी, ती किलोभर. दुसऱ्यानं मोड आलेलं कडधान्य आणावं, कोरडं पाऊण किलो भिजवलं की मोड येऊन त्याचं दुप्पट होतं आणि त्यातलं फायटेटही घटतं. तिसऱ्याकडे फळभाज्यांची मिसळ, चौथ्याकडे काकडी-गाजर-मुळ्याची कोशिंबीर, दाण्याचं कूट सढळ आणि मीठ अगदी वाढताना. भाकरीचं काम दोघांत वाटून घ्या, किलोभर पिठाच्या दहा-बारा होतात आणि थापणाऱ्याचे खांदे भरून येतात. ताक कोणीही आणू शकतं. मीठ प्रत्येक पदार्थात थोडं कमीच, कारण दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लोणचं-पापडानंच अर्धी संपते. गोड ठेवायचंच तर एक, आणि तेही शेवटी.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. महाप्रसादातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यामागे बहुतेक वेळा सकाळी शिजवून दुपारपर्यंत कोमट राहिलेलं पातेलं असतं. गरम ते वाफाळतं ठेवा, गार ते फ्रिजमध्ये. खोबरं घातलेली भाजी आणि दह्याची कोशिंबीर सगळ्यांत आधी बिघडतात, म्हणून त्या शेवटी कालवाव्यात. आणि आदल्या दिवशीची भाजी नव्या भाजीत मिसळू नये, कितीही जीव तुटला तरी.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते, पौषात भोगी. मधल्या काळात थंडी पडली की हुरडा आहेच. यातला एखादा दिवस धरा, आठ-दहा माणसं बोलवा, त्यात ज्यांच्याकडे आजवर जेवायला गेला नाहीत असं एक घर असू द्या. बसल्यावर पहिली फेरी कोशिंबिरीची काढा, दुसरी भाजीची, आणि आग्रह करायचाच असेल तर या दोन फेऱ्यांत मनसोक्त करून घ्या.